शेरभर लोखंड

मुलांना कोडी घालायची हौस मला कधीच नव्हती. मळवलीजवळच्या एका खेड्यात, देवळाच्या ओवरीत, चार इयत्ता मी एकटा सांभाळायचो. नाकी नऊ यायचे. शनिवारच्या शेवटच्या तासापर्यंत घसा पार बसायचा. मग पेला पाण्याने काठोकाठ भरायचा, वर जाड कागद धरून उलटा करायचा, हात काढून घ्यायचा आणि "पाणी का सांडत नाही, सांगा" म्हणून भिंतीला टेकायचं. पोरं अर्धा तास भांडत बसायची. मला तेवढाच विसावा.

चौथीत एक मुलगी होती, अकरा वर्षांची. तिला नुसतं उत्तर पुरायचं नाही. घरी जाऊन करून बघायची आणि सोमवारी मला वाटेतच गाठायची. "मास्तर, तांब्या उलटा केला, समदं पानी चुलतीच्या अंगावर," असं एकदा गंभीरपणे सांगितलंन्. मला हसू आलं. त्या वर्षात फारसं येत नसे.

तिच्या वडिलांनी तिचं लग्न जवळजवळ ठरवलं होतं. मी एकदा शब्द टाकून पाहिला. ते म्हणाले, "दिपोटीसाहेब येत्यात न्हवं साळा तपासायला? त्यांनी शाबासकी दिली तर पोरीला लोणावळ्याला मामाकडं ठिवतो, शिकू द्या म्होरं. न्हाईतर मांडव." माणूस शब्दाचा पक्का होता.

साहेब आले त्या दिवशी वडील पायरीवर येऊन बसले. वाचन झालं, पाढे झाले, पोरीचं सगळं चोख. तेवढ्यात साहेबांना लहर आली.

"सांग बघू, एक शेर कापूस जड की एक शेर लोखंड?"

ती म्हणाली, "लोखंड."

साहेब पोट धरून हसले. "अगं, शेर तो शेर! दोन्ही सारखंच की." त्यांच्यामागून पोरंही हसली. वडिलांनी मान खाली घातली.

आमच्याकडे भात, तांदूळ मापाने मोजतात. शेर म्हणजे घरातलं माप, भरायचं आणि वरून हात फिरवायचा. त्यात कापूस भरा, लोखंड भरा आणि उचलून बघा म्हणजे कळेल. साहेब वजनाचा शेर म्हणत होते, पोर मापाचा. ती चुकलीच नव्हती. मला हे तिथल्या तिथे कळलं होतं. पण साहेबांचं बोलणं कोण खोडणार? आणि मला तपासणी एकदाची संपायला हवी होती. मी मूग गिळून बसलो.

संध्याकाळी फळा आत ठेवताना ती मागे येऊन उभी राहिली. "मास्तर, आमच्या शेरात लोखंडच जड व्हईल न्हवं?"

"हो. तुझंच बरोबर होतं."

"मंग माज्या बाला येऊन सांगा की. तुमचं ऐकतोय त्यो."

"उद्या येतो," मी म्हणालो. दिवसभर उभा होतो, पाय खरंच उचलत नव्हते. दुसऱ्या दिवशी तपासणीचे तक्ते भरायचे होते. तिसऱ्या दिवशी अंग मोडून आलं. ती रोज शाळेत यायची, माझ्याकडे बघायची. नंतर यायची थांबली.

तिच्या दारात मी गेलो, नाही असं नाही. तेव्हा माझ्या हातात अक्षता होत्या.