खिडकीखालच्या फटी

एका शेगडीवर दूध वर चढत होतं, दुसरीवर चहा रंग धरत होता आणि न्हाणीघरातून काकांचं गुणगुणणं ऐकू येत होतं. म्हणजे सगळं जागच्या जागी होतं. तेवढ्यात दारावर टकटक झाली.

टाचणीकाकूंनी दोन्ही शेगड्या बारीक केल्या आणि कॉलरला खोचलेल्या टाचण्यांसकट दार उघडलं. दारात एक गोलमटोल गृहस्थ उभे होते. भुवयांना पीठ लागलेलं, चेहरा अगदी प्रसन्न. आपण पलीकडच्या वस्तीतले बेकरीवाले, असं त्यांनी सांगितलं. हार्डवेअरच्या दुकानात बोलता बोलता कळलं की इथलं फिरतं घर विकायचं आहे, तर जरा बघून जावं म्हणून आलो, म्हणाले.

न्हाणीघरातलं गुणगुणणं एकदम थांबलं. पाणी मात्र चालू राहिलं, आणि बराच वेळ चालू राहिलं.

काकूंना यातलं काहीच माहीत नव्हतं. पण आयुष्यभर गिऱ्हाइकांशी बोलून त्यांच्या चेहऱ्याला एक शिस्त लागली होती. गाडी अजून धुवायची आहे, दुपारचं जेवण आटोपून निवांत या, असं त्यांनी हसून सांगितलं. बेकरीवाल्यांनाही घाई नव्हती. त्यांचं पीठ फुगायला ठेवलेलं होतं. ते गेले, काकूंनी दार लावलं आणि उतू गेलेलं दूध पुसायला घेतलं.

गल्लीत त्यांना सगळे टाचणीकाकू म्हणत, पोस्टमनसुद्धा. त्या पडदे शिवत. लग्नाआधीपासून आजपर्यंत त्यांनी किती खिडक्यांना कपडे चढवले असतील त्याला गणती नाही. कुणाच्या खिडकीतून तळं दिसे, कुणाच्या खिडकीतून डोंगर, कुणाच्या खिडकीत थेट झाडाची फांदीच आलेली असे. माप घ्यायला गेल्या की काकू टेप हातात धरून घटकाभर बाहेर बघत राहत, आणि मग घरी येऊन आपल्या मशीनसमोर बसत. मशीनसमोरच्या खिडकीतून शेजाऱ्यांची पाण्याची टाकी दिसे. टाकी चांगली होती, त्यांची काही तक्रार नव्हती. पण टाकीकडे बघून बघून किती बघणार?

काका बस चालवायचे. दिवसभर रस्ता बघून आलेला माणूस सुट्टीच्या दिवशी पुन्हा रस्त्याचं नाव कशाला काढेल? “आज मला फक्त भिंत बघू दे,” असं म्हणून ते भिंतीकडे तोंड करून झोपत. प्रवास राहता राहता राहूनच गेला. त्यावरून भांडणही कधी झालं नाही. आणि मग निवृत्त झाल्यावर, काकूंनी तोंडातून शब्दही काढलेला नसताना, काका एके दिवशी हे फिरतं घर घेऊन दारात उभे राहिले. आत पलंग, ओटा, कपाटं, इवलंसं न्हाणीघर. पलंगाला लागून मोठी खिडकी. काकू आत गेल्या, खिडकीची काच सरकवली आणि तिथेच बसून राहिल्या. त्यांनी त्या खिडकीसाठी निळे पडदे शिवले. हे पडदे बंद करण्यासाठी नव्हतेच, बाजूला सारून ठेवण्यासाठी होते.

पहिल्या प्रवासात पहिल्याच वळणावर चमच्यांचा ड्रॉवर निघून थेट काकूंच्या मांडीवर आला. दुसऱ्या वळणावर कपाटाचं दार उघडलं आणि आतल्या डब्यांनी बाहेरचं जग बघून घेतलं. ओट्याखालच्या नळीचा क्लॅम्प कुणी आवळलाच नव्हता. न्हाणीघराच्या दाराची एक बिजागरी तिरकी होती, त्यामुळे ते दार फक्त बाहेरून नीट लागे. ही गोष्ट काका आत असताना कळली. आणि संध्याकाळी पाऊस आला तेव्हा छताच्या कडेवरून थेंब सुरू झाले ते बरोबर काकांच्या कपाळावर. काकूंना गार वारा लागू नये म्हणून खिडकीकडची बाजू त्यांनी स्वतःकडे घेतली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं परत.

विकणाऱ्यांच्या वर्कशॉपने गाडी ठेवून घेतली, महिनाभर ठेवून घेतली, आणि होती तशी परत दिली. फक्त बेसिनमध्ये कुणाचा तरी स्क्रू ड्रायव्हर जास्तीचा आला. “नवीन गाडीत होतं असं थोडंफार,” तिथला मॅनेजर म्हणाला. काका तो स्क्रू ड्रायव्हर घेऊन घरी आले आणि म्हणाले, आता हत्यार आलंच आहे तर मीच बघतो.

आणि खरंच त्यांनी बघितलं. ड्रॉवरचे स्क्रू पातळ प्लायवूडमध्ये नुसते नावापुरते बसवले होते. काकांनी मागून लाकडाची पट्टी लावली आणि ड्रॉवर जागचा हलेना. नळी आवळली. बिजागरी सरळ केली. छतावर चढून पाहिलं तर कडेच्या पट्टीखाली स्क्रूची दोन भोकं चक्क रिकामी. भोकं पाडणारा माणूस स्क्रू घालायचं विसरून जेवायला गेला असावा. काकांनी स्क्रू घातले, वर फटी बुजवायचं सिलिकॉन भरलं. आणि मग सिलिकॉनची गन एकदा हातात आली म्हटल्यावर त्यांना सगळीकडे भोकंच दिसायला लागली. जिथे फट, तिथे सिलिकॉन. आठवडाभर ते गाडीभोवती फिरत होते आणि काकू त्यांच्यामागे बॅटरी धरून. बॅटरी धरणाऱ्या माणसाच्या नशिबात काय असतं ते लग्न झालेल्यांना सांगायला नको. इकडे धर, तिकडे नको, माझ्या डोळ्यांत नको, अगं मी कुठे बघतोय आणि तू कुठे धरतेस.

एवढं करूनही पुढच्या पावसात गादी भिजली. पहिल्यापेक्षा जास्त भिजली.

त्यानंतर काका गाडीच्या बाजूने जायचं टाळू लागले. बसच्या इंजिनाचा खोकला डेपोच्या फाटकातूनच ओळखणारा माणूस, आणि नव्या कोऱ्या गाडीने त्याला वेड्यात काढावं, हे त्यांना लागलं होतं. आणि आज बेकरीवाले दारात.

न्हाणीघराचं दार उघडलं तेव्हा काकांची बोटं सुरकुतलेली होती. त्यांनी चहाचा कप उचलला आणि काकूंकडे न बघता सांगितलं की त्या गळक्या डब्यात तुला झोपवण्यापेक्षा तो गेलेला बरा. सांगणार होतो, राहून गेलं.

“बरं,” काकू म्हणाल्या. “पण बेकरीवाल्यांना सांगायला तर हवं, कुठून गळतं ते. ते कळलंय का आपल्याला?”

काकांनी चहाचा घोट घेतला. ते कळलं असतं तर रडगाणं कशाला होतं.

चहा संपल्यावर काकूंनी बागेची नळी काढली आणि काकांच्या हातात दिली. बॅटरी स्वतः घेतली आणि गाडीत जाऊन पलंगावर चढून बसल्या. काकांनी सवयीने नळी छताकडे वळवली.

“वर नको,” आतून आवाज आला. “खालून सुरुवात करा.”

“पाऊस काय खालून वर पडतो का?”

“शिवण कुठे उसवली ते शोधताना मी अख्खा पडदा एकदम ओढत नाही. वरून पाणी सोडलंत की सगळंच भिजणार, मग कळणार काय?”

काका पुटपुटले, पण नळी खाली आली. खिडकीच्या खालच्या भिंतीवर पाणी पडलं. आत कोरडं. मग थोडं वर, खिडकीच्या काचेवर. काकू आतून काचेला नाक लावून बसल्या होत्या. काच जिच्यात सरकते ती खालची खाच हळूहळू भरायला लागली, चहाच्या बशीसारखी काठोकाठ झाली, आणि मग काठावरून आत, गादीवर, संथ धार.

काकू बाहेर आल्या आणि खिडकीच्या चौकटीसमोर ओणव्या झाल्या. चौकटीच्या खालच्या बाजूला चार पांढरे ठिपके होते. काकांचंच सिलिकॉन, गुळगुळीत, बोटाने निगुतीने सारवलेलं. त्यांना ते आठवत होते. ठिपक्यांच्या जागी आधी चार बारीक फटी होत्या. बॅटरी धरलेली असताना त्यांनी विचारलंही होतं की या कशाला असतील, तर काका म्हणाले होते, भोक म्हणजे भोक, आणि बॅटरी नीट धर.

आता त्यांनी कॉलरची एक टाचणी काढून मोजपट्टीसारखी फिरवली. चारही फटी एका मापाच्या. चारही सारख्या अंतरावर. काकू हसल्या. या कंपनीच्या चुका त्यांनी जवळून पाहिल्या होत्या. तिरक्या बिजागऱ्या, विसरलेले स्क्रू, एक नळी ढिली तर दुसरी करकचून. त्यांची कोणतीही चूक कधी एका रेषेत नव्हती. जे इतकं रेषेत आहे ते कुणीतरी मुद्दाम केलेलं असणार.

त्या घरात गेल्या आणि टाके उसवायचं हत्यार घेऊन आल्या. ज्या हाताने आयुष्यभर चुकलेली शिवण कापडाला इजा न करता काढली, त्याच हाताने चारही ठिपके उकरले. शेवटचा निघाला तसं साचलेलं पाणी चार धारांनी बाहेर आलं आणि काकांच्या चपलांवर पडलं.

“आता वर सोडा,” त्या म्हणाल्या आणि पुन्हा आत गेल्या.

काकांनी छतावर पाणी सोडलं. कडेवर सोडलं, पट्टीवर सोडलं, पुन्हा खिडकीवर सोडलं. काकूंनी छताच्या कडेला तळहात लावून ठेवला. बऱ्याच वेळाने त्या दारात आल्या आणि तो तळहात काकांच्या गालाला लावला. कोरडा होता.

“छत तुम्ही पहिल्याच आठवड्यात बंद केलं होतं,” त्या म्हणाल्या. “तेव्हापासून एक थेंब आला नाही तिथून.”

काकांनी नळी खाली ठेवली. चौकटीकडे बघितलं, जमिनीवर पडलेल्या पांढऱ्या तुकड्यांकडे बघितलं.

“म्हणजे नंतरची गादी मी भिजवली?”

“कंपनीची गळती तुम्ही थांबवलीत. ही आपली.” मग चौकटीकडे बोट करून, “बॅटरी मीच धरली होती ना.”

काकांना आधी हसू आवरायचं होतं. जमलं नाही. मग दोघंही ओल्या पायरीवर बसून इतकं हसले की शेजारीण टाकीशेजारून डोकावली आणि काय झालं म्हणून विचारून गेली.

जेवणानंतर बेकरीवाले आले. भुवया आता धुतलेल्या होत्या. काकांनी त्यांना आत नेलं, ड्रॉवर ओढून दाखवला, दार लावून दाखवलं, खिडकीवर पाणी सोडून दाखवलं, सकाळची नळी-बॅटरीची गोष्टही सांगितली. दाखवता दाखवता त्यांची छाती थोडी पुढे येत गेली. बेकरीवाले प्रत्येक गोष्टीवर मान डोलावत होते. सगळं बघून झालं आणि त्यांनी हात पुढे केला. घेतो म्हणाले.

काकांचा हात काही पुढे होईना. ते घाईघाईने सांगू लागले की बघा, ही गाडी फार वाईट बांधलेली आहे. या कपाटाला नुसत्या पिना मारल्या होत्या, मी मागून पट्ट्या लावल्या. ही नळी अशी होती, मी अशी केली. छताला भोकं होती. दिव्यांच्या वायरी तर विचारूच नका, सगळ्या मी नव्याने बांधल्या. ते एकेक दोष मोजत गेले तसतसे बेकरीवाले खुलत गेले. अहो, मग तर उत्तमच की, म्हणाले, दुसरी घेतली तर हे सगळं मलाच निस्तरावं लागेल, आणि माझे हात फक्त पिठात चालतात.

काकू दारात उभ्या होत्या. निळ्या पडद्याची एक चुणी मोडली होती, ती बोटांनी बसवत होत्या. काकांनी त्या बोटांकडे पाहिलं.

“माफ करा,” ते बेकरीवाल्यांना म्हणाले, “तुम्हाला उगाच हेलपाटा पडला. गाडी द्यायची नाही.”

बेकरीवाले क्षणभर हिरमुसले, पण माणूस दिलदार. स्वतःसाठी एखादी घेतलीच तर नळी आणि बॅटरी घेऊन दोघांनी यावं, पाव माझ्याकडून, असं ठरवूनच ते गेले. काकूंनी त्यांना फाटकापर्यंत सोडलं आणि जाता जाता बजावलं की सुरुवात नेहमी खालून.

परत आल्या तर काका गादी उन्हात टाकून, जुना नकाशा पायरीवर पसरून बसले होते. सिलिकॉनची गन त्यांनी न सांगताच काकूंच्या शिवणकामाच्या डब्यावर नेऊन ठेवली होती. तळ्याकडे जाऊ, डोंगराकडे जाऊ, नाहीतर समुद्राकडे, तू म्हणशील तिकडे, ते म्हणाले. इतकी वर्षं तुला कुठे नेलं नाही, आता काय हवं ते माग.

काकूंनी नकाशाकडे पाहिलंसुद्धा नाही. कॉलरच्या टाचण्या काढून एकेक डबीत ठेवल्या, डबीचं झाकण लावलं, आणि म्हणाल्या,

“कुठेही न्या. मला खिडकीकडची बाजू द्या.”