मिठात मुरवलेला वसंत

शेजारच्या मिचिकोबाई नसत्या, तर माझ्या आईपर्यंत क्योटोचा वसंत पोचलाच नसता. मी आठवीत शाळा सोडलेला, इथे एका हॉटेलात रोट्या भाजतो.

आई कराडहून फोनवर विचारायची, "कवा येऊ रं?" मी म्हणायचो, चेरी फुलली की ये. मग म्हणायचो, तेव्हा गर्दी फार, पानं लाल झाली की ये. उन्हाळा दमट, हिवाळा बोचरा. चांगला ऋतू निवडता निवडता चार वर्षं गेली. आता ती अंथरुणावरून उठत नाही, आणि मला सुट्टी मिळत नाही. फोन वाजला की आधी नंबर कराडचा तर नाही ना, ते बघतो.

हे ऐकून मिचिकोबाईंनी मिठात मुरवलेल्या चेरीच्या फुलांची बरणी दिली. ही फुलं गरम पाण्यात टाकून पितात. गावी निघालेल्या एकाबरोबर बरणी धाडली, पण हे सांगायचं राहिलं. आईने ती लोणचं म्हणून भाकरीशी खाल्ली. "लई खारट हाय रं तुजा वसंत," म्हणाली. हसली, आणि मग खोकतच राहिली.

बरणीतून काढून ठेवलेलं एक फूल आज मी कपात सोडलंय. मिटलेल्या पाकळ्या पाण्यात हळूहळू उलगडतायत. बाहेर खरी झाडं भरात आहेत, ती मला बघवत नाहीत. आई आली असती तर कुठलाही ऋतू चालला असता.

मिचिकोबाई, एक दिवस मी तुम्हाला कैरीच्या लोणच्याची बरणी देईन. आईच्या हातची बहुधा नसेल. पण मिठाचं माप मी आजच तिला विचारून ठेवतो.