भासऱ्यांच्या देखत

मला वेड लागलंय असं गावानं ठरवलं तेव्हा मी वेडी नव्हते, एवढं आधीच सांगून ठेवते. पाणी प्यायला घेतलं की घशात घोट अडायचा. चुलीपुढं बसले की बसूनच राहायचे, भात करपला तरी उठवत नसे, आणि लेक पदर ओढून ओढून थकून निजायची. याला कुणी वेड म्हणत असेल तर म्हणो बापडं.

शिमग्यानंतरच्या उन्हात माझा धाकटा मुलगा तापानं गेला होता. नुकता बोलायला लागला होता. माझे मालक तेव्हा देवरीकडं, जंगलाच्या ठेक्यावर मुनीम. घरी यायचे ते सणासुदीला. मुलाचा ताप उतरेना तेव्हा भासऱ्यांनी, म्हणजे मालकांच्या थोरल्या भावानं, त्याला चादरीत गुंडाळून बैलगाडीत घेतलं आणि तिरोड्याच्या दवाखान्याची वाट धरली. मीही निघाले, तर सासूबाईंनी दारातच अडवलं. भासऱ्याच्या गाडीत सून कशी बसेल? दुपार कलली तशी गाडी परत आली. लेकरू गेलेलं होतं. आणि चादर ओली होती.

ती ओली चादर माझ्या डोक्यात बसली. पावसाचा थेंब नाही, रस्ता नुसता धुळीचा, मग चादर ओली कशानं? दवाखान्यापर्यंत गाडी पोचली तरी होती का? की वाटेत बोदलकशाच्या तलावावर हा माणूस बैलांना पाणी पाजत, चिलीम ओढत बसला आणि माझं लेकरू तिथं तडफडत राहिलं? सासूबाईंना विचारलं, तर म्हणाल्या, "झालं ते झालं. उकरून कायले काढतेस?" आणि ज्याला माहीत होतं त्याला मी विचारू शकत नव्हते.

आमच्या पोवारांच्या घरात भासऱ्याच्या देखत सून बोलत नसे. पदर हनुवटीपर्यंत. चुकून बोट लागलं तर दोघांनीही अंघोळ करायची. अगदीच निरोप द्यायचा झाला तर भिंतीला द्यायचा. "भिंतीबाई, जेवण वाढलं म्हणावं," असं मी भिंतीकडं बघून म्हणायची आणि भासरे पाटावर येऊन बसायचे. जेवणाचं भिंतीला सांगता येतं. माझं पोर कसं मेलं, हे भिंतीला कसं विचारायचं?

आधी गावच्या पुजाऱ्यानं अंगारा लावला, लिंबू उतरवलं. काही फरक पडला नाही. मग एके दिवशी भासरे ओसरीवरून सासूबाईंना म्हणाले, "गोंदियाले एक बंगाली डॉक्टर आला हाये. मनाचा डॉक्टर. हिले नेऊन पाहतो मी."

माझ्या मनात लगेच पाल चुकचुकली. बैल लंगडला तरी चार दिवस वाट पाहणारा हा माणूस, आणि माझ्यासाठी गाडीभाडं खर्चून गोंदियाला निघाला? घरात सासूबाई ना हो म्हणाल्या ना नाही. जाऊबाई, म्हणजे भासऱ्यांची बायको, मात्र चटकन म्हणाल्या, "जा तू. पोरीले मी पाहतो." जाऊबाईंना मूल नव्हतं. माझ्या लेकीची वेणी आताशा त्याच घालत, लेक जेवायलाही त्यांच्याच ताटात बसे. सगळं माझ्यासमोर उघडं पडल्यासारखं झालं. डॉक्टर म्हणणार बाई पागल, मला नागपूरच्या पागलखान्यात टाकणार, मालकांचं दुसरं लग्न लावणार, आणि माझी लेक जाऊबाईंच्या पदरात. एक लेकरू यांच्या गाडीतून गेलंच होतं. दुसरं मी घरबसल्या देणार नव्हते. म्हणून ठरवलं, जायचं, पण डोळ्यात तेल घालून बसायचं.

आणि बंगाली! आमच्याकडं बंगाल म्हटलं की जादूच आठवते. हा डॉक्टर रेल्वेच्या क्वार्टरांच्या मागं राहत होता. कलकत्त्याला मनाचं शास्त्र शिकून आलेला, असं लोक म्हणत. खोलीत बाटली नाही, सुई नाही. नाडी पाहिली नाही की पुडी दिली नाही. नुसती तीन खुर्च्या आणि एक टेबल. मी खुर्चीवर कशाला बसते? खाली बसले, पदर ओढून. पदराखालून मला माणसांचे पाय दिसत आणि मांडीवरचे हात, बस.

"बेटी, नींद आती है?" डॉक्टरनं विचारलं.

भासऱ्यांच्या देखत मी काय बोलणार? तेच बोलले. "नाई येत जी. डोळा लागला का दचकून उठते."

मी पदराआडच डोळे वटारले. अरे, मी तर दगडासारखी निजते! निजणं तेवढंच काय ते शिल्लक राहिलं होतं मला.

"और क्या होता है?"

"उजवा हात गरम लागते. कोपरापासून वर. पाण्यात धरला तरी गरमच."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. केवढं खोटं! माझा घसा अडतो, ते एका शब्दानं सांगितलं नाही. हात म्हणे गरम लागतो! म्हणजे पागल ठरवायला जे जे लागतं ते हा माणूस घरून जुळवून आला होता तर. डॉक्टर मात्र खुर्ची पुढं सरकवून ऐकत होता. मध्येमध्ये मला विचारी, "बेटी, तुम भी कुछ कहो." मी गप्प. तो हळूच म्हणे, "बिलकुल नहीं बोलती?" भासरे म्हणत, "नाई जी." हे तेवढं खरं होतं.

दर बाजाराच्या दिवशी आम्ही जाऊ लागलो. तिरोड्यापर्यंत मी बाजाराला निघालेल्या बायकांच्या बैलगाडीत, मग तिथं आगगाडीत बसायचं, ते दाराशी, मी खिडकीशी, मध्ये लोकांची गाठोडी. एकदाही त्यांनी जाणं चुकवलं नाही. घरी कामाचा डोंगर पडलेला आणि हा माणूस धुतलेलं धोतर नेसून सगळ्यांच्या आधी तयार! माझा संशय वाढतच गेला. घरी परत आले की आधी लेकीला पोटाशी धरायची, मग पाय धुवायची.

शेवटी जे व्हायचं ते झालंच. डॉक्टर एके दिवशी म्हणाला, "न बोलती है, न सोती है। मेरे बस का नहीं। नागपुर भेजना पड़ेगा। कुछ महीने वहीं रखेंगे।"

लेकीचा चेहरा डोळ्यांपुढं आला. आता हा भासरा "बरं जी" म्हणणार आणि माझा खेळ संपणार.

पण भासरे गडबडले. "नाई, नाई जी. नागपूर कायले? तेवढं नाई. काम होते, सप्पा सारं काम होते. फक्त बैल जुपताना हात कापतात."

मी चमकले. पदराखालून बघितलं. त्यांचा उजवा हात मांडीवर होता, कोपरात वाकवलेला, अंगापासून जरासा दूर. कुणी त्या हातावर निजलंय आणि जागं होऊ नये, असा धरलेला. कितीतरी वेळा मी तो हात तसाच पाहिला होता. बघूनही मला कळलं नव्हतं.

डॉक्टर शहरातला माणूस. त्याला काय ठाऊक? मी टेबलाच्या पायाकडं बघितलं आणि बोलले. लग्न होऊन आल्यापासून भासऱ्यांच्या देखत भिंतीशिवाय कुणाशी काढलेला तो माझा पहिला शब्द.

"डॉक्टरसाहेब, आमच्या घरी बायका बैल नाई जुपत."

भासऱ्यांचे पाय खुर्चीखाली ओढले गेले. बाहेर यार्डात इंजिन डबे जोडत होतं, त्याचा दणका तेवढा ऐकू आला. मला वाटलं, आता हा माणूस उठेल आणि मला झोडपेल. ते उठले नाहीत. डॉक्टरनं हळूच आपली खुर्ची माझ्याकडून त्यांच्याकडं वळवली आणि तोच पहिला प्रश्न पुन्हा विचारला, "भाईसाहब, नींद आती है?"

भासरे म्हणाले, "आज नको जी."

पण पुढच्या बाजाराला ते गेले. मीही गेले. ते आत बोलत, मी बाहेर ओट्यावर बसे. गावानं मात्र शेवटपर्यंत हेच धरलं की भासरे बिचारे वेड्या सुनेला घेऊन हिंडतात. मी धरू दिलं. पागलखान्याचं नाव परत निघालं नाही आणि लेक माझ्याजवळ राहिली. वेणी जाऊबाई घालत राहिल्या, घालोत.

पण मी डॉक्टरशी बोलले त्या दिवशीच्या परतीच्या गाडीचं सांगायचं राहिलं. डबा रिकामा होता. भासरे दाराशी न बसता समोरच्या बाकावर येऊन बसले. गंगाझरी स्टेशन मागं पडलं तेव्हा मी खिडकीला विचारलं, "खिडकीबाई, त्या दिवशी चादर ओली काऊन होती?"

मग तेही खिडकीलाच म्हणाले, "पाणी मागत होता. तलावावर गाडी थांबवली. ओंजळीनं पाजलं, सांडलं चादरीवर. अजून मागतलं, अजून देलं. मग माय म्हणला. मले वाटलं, निजला. दवाखाना येईस्तोवर मले वाटत होतं, निजला हाये. हात हलवला नाई मी."

म्हणजे तहानलेला गेला नाही. एवढंच मला हवं होतं, आणि एवढ्यासाठी मी उन्हाळ्यापासून घोट गिळू शकत नव्हते. मी हमसून हमसून रडले. भासरेही रडत होते, मोठ्यानं, बाप्या माणसानं रडू नये तसे. तो हात तेव्हाही तसाच वाकवलेला होता. माझं लेकरू शेवटचं तिथं होतं. मी पदर कपाळापर्यंत मागं सारला आणि काचेवानी स्टेशन येईस्तोवर त्या हाताकडं बघत बसले.