जगदाळ्यांची अस्सल गाडी

जगदाळे कुणाच्याही घरी गेले की चहाच्या आधी खिशातून पाना काढायचे. बदली होऊन आम्ही जयपूरला आदर्श नगरात राहायला गेलो, तेव्हा शेजारी म्हणून ते भेटायला आले, सोफ्यावर टेकले आणि माझ्या टेबलफॅनला पाना लावून म्हणाले, "पाव्हणं, ह्यो नट ह्या पंख्याचा न्हाई. कुणीतरी घुसडलाय." एका लग्नात त्यांनी नवरदेवाच्या घोडीच्या नालाचे खिळे तपासले, असं मी सगळ्यांना सांगतो. खरं तर ती नुसती रिकीब होती. पण घोडी बिचकली हे खरं, आणि नवरदेव दोन चौक पुढे सापडला हेही जवळजवळ खरं.

या वेडाचं मूळ त्यांच्या अंगणात उभं होतं. त्यांचे वडील, सुभेदार आबा, यांनी फौजेच्या लिलावात घेतलेली विलायती मोटारसायकल. मधल्या काळात चारचौघांनी मागून नेलेली, मग कित्येक वर्षं बंद. आबा आतल्या खोलीत पलंगावर. लकव्यानं अंग गेलं होतं, आणि ओळखीची माणसंही पुसली गेली होती. पोटच्या मुलाला ते कंपाउंडर म्हणायचे. "कंपाउंडर, सुई जपून मार." जगदाळे त्यांना आंघोळ घालायचे, भरवायचे आणि कंपाउंडर म्हणूनच बाहेर यायचे. त्यांचा बेत सरळ होता: गाडी होती तशी करायची आणि आबांच्या दाराशी सुरू करायची. "आवाज कानावर पडू द्या. आबा मला नावानं हाक मारत्याल."

होती तशी म्हणजे कारखान्यातून निघाली तशी. विलायती बोल्टाचं माप इंचातलं. एखाद्या बोल्टाला मिलिमीटरचा पाना चपखल बसला की जगदाळे म्हणायचे, "परका हाय," आणि बोल्ट उपटायचे. रंग नखानं खरवडून खालचा थर बघायचे. ओतीव भागाच्या आतला ठसा वैनींच्या आरशात वाचायचे. सायबर कॅफेत बसून विलायतेतल्या म्हाताऱ्यांना नटांचे फोटो पाठवायचे. निम्मं इंग्लंड त्यापायी उपाशी झोपत असेल. इंजिनाखाली तेलाचं थारोळं दिसलं त्या दिवशी गल्लीत पेढे वाटले. "गळतंय. विलायती इंजिनं गळत्यातच. म्हंजी इंजिन अस्सल."

बाकी बरंचसं अस्सल नव्हतं. सीटखाली खाटेची स्प्रिंग, मडगार्डला डब्याचा पत्रा. सायलेन्सर तर जीपचा, कापून तांब्याचं ठिगळ लावलेला. जगदाळे एकेक काढून भंगारवाल्याच्या गाड्यावर फेकत आणि म्हणत, "कुठल्या गाढवानं हात लावला हिला?"

"हळू बोला," वैनी दारातून म्हणायच्या, "आबा ऐकतात."

"ऐकू दे. त्यांच्याच गाडीची वाट लावलीय."

शेवटी जगदाळ्यांच्या इंग्लंडातल्या भाच्यानं अस्सल सायलेन्सर पाठवला. थंडीतली सकाळ होती. जगदाळ्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, आम्ही आबांचा पलंग दाराशी सरकवला. पहिल्याच किकला गाडी सुरू झाली आणि सतारीसारखी गुणगुणू लागली. सिव्हिल लाइन्समधले साहेबलोक नाश्ता टाकून उठले असतील, इतकी गोड.

आबांनी डोळे उघडले. बराच वेळ ऐकलं.

"कंपाउंडर, कुणाची रं गाडी?"

"आपलीच, आबा."

"न्हाई. आमची खाकरती. मी जीपचं नळकांडं बसवलंय तिला. माझं पोरगं लांबनं वळखतं आन् फाटकाशी पळत येतं."

जगदाळ्यांनी गाडी बंद केली. शर्टाला तेल पुसलं आणि जुना सायलेन्सर परत मागायला तसेच भंगारवाल्याकडे गेले. "वो तो कब का गल गया, सा'ब," तो म्हणाला. भट्टीत केव्हाच वितळला होता.

आबा होळीच्या आधी गेले. जाताना म्हणाले, "कंपाउंडर, पोराला तार कर."

"केली, आबा," जगदाळे म्हणाले.

आम्ही जयपूर सोडलं त्या आठवड्यात मी त्यांच्याबरोबर परकोट्यातल्या, म्हणजे जुन्या तटाच्या आतल्या, बाजारात हिंडलो. तिथल्या दुकानदारांना गिऱ्हाइकाचा एकच प्रश्न पाठ: असली है? जगदाळे उलटं विचारत होते. "भैया, जीप का कटा हुआ साइलेंसर, ताँबे का पैबंद लगा. नकली माल है क्या?"

दुकानदारानं दुखावून छातीवर हात ठेवला. "हमारे यहाँ सब असली है, सा'ब."

जगदाळ्यांनी मान डोलवली आणि ते पुढच्या दुकानाकडे वळले.