सुभेदारांच्या यादीतली हिराबाई

मी आयुष्यात मोठं असं काही केलेलं नाही. पण सांगलीतल्या एका स्कॅन सेंटरवर रुजू झाल्याच्या बाराव्या दिवशी मी एका बैठकीत साठ माणसं पुसून टाकली, आणि वर स्वतःसाठी चहा मागवला.

खुलासा करतो. माधवनगरात माझा कॉम्प्युटरचा क्लास होता. पोराटोरांच्या हातात फोन आले आणि क्लासला कुलूप लागलं. कुणीतरी ओळख काढली आणि मी सेंटरच्या मागच्या खोलीत एका डेस्कटॉपसमोर येऊन बसलो. भिंतीपलीकडे एमआरआयचं मशीन. पेशंट त्यात गेला की त्याच्या डोक्याचे, मणक्याचे फोटो वायरीतून या कॉम्प्युटरवर यायचे. ते नीट आले का बघायचं, नावानिशी साठवायचं आणि डॉक्टरांच्या टेबलावर पाठवायचं, एवढंच काम. त्या दुपारी डिस्क भरली. पेशंट आत, मशीनची ठकठक चालू, आणि कॉम्प्युटर फोटो घ्यायला तयार नाही. ‘सर, जागा करा लवकर,’ असं आतून टेक्निशियन शुभांगी ओरडत होती. मी यादीच्या तळाशी गेलो, सर्वांत जुनी साठ नावं निवडली आणि पुसली. वर मास्तरी स्वभाव. कॉम्प्युटरमधली कचऱ्याची टोपलीसुद्धा स्वच्छ रिकामी केली.

सुभेदार जेवणाचा डबा धुऊन आत आले. मी अभिमानाने म्हणालो, “सुभेदार, जागा केली.”

“कुणाची?” त्यांनी विचारलं.

हा प्रश्न मला तेव्हा विचित्र वाटला. त्यांनी खुर्ची ओढली, यादी खाली खाली नेली आणि तळाशी थांबून बराच वेळ बघत राहिले. मग चष्मा काढून खिशात ठेवला. “चहा आलाय, घ्या मास्तर,” म्हणाले आणि स्वतः न घेता बाहेर गेले. शुभांगीने मला हळूच सांगितलं, “सर, त्यात त्यांची बायको होती.”

सुभेदार म्हणजे त्या खोलीचे खरे मालक. मी त्यांच्या हाताखाली आलेलो. सव्वीस वर्षं फौजेत होते, पण सगळी नोकरी लष्करी इस्पितळात एक्स-रेच्या खोलीत. “शत्रू लय बघितलं,” म्हणायचे, “पर समदे आतनं.” गाव रहिमतपूर, तिथे मुलगा शेती बघायचा. सुभेदार सांगलीत एका खोलीत एकटे राहायचे आणि रविवारी गाडीने गावी जायचे. पांढरा शर्ट, पायात फौजेतल्यासारखे चकचकीत बूट आणि मिशी इतकी सरळ की पट्टी लावून कापली असावी.

फोटो यायला लागले की पडद्यावर आकडा चढत जातो. मशीनने पाठवले किती आणि इथे पोचले किती, हे दोन आकडे जुळले की सुभेदार दबक्या आवाजात म्हणत, “हाजिर.” तोवर पेशंटला टेबलावरून उतरू देत नसत. मला आधी हा फौजी वेडेपणा वाटला. एकदा एक फोटो कमी आला, मी म्हटलं, जाऊ द्या, एकानं काय होतंय. तर म्हणाले, “मास्तर, तो एक फोटो राह्यला तर जतवरनं म्हातारं माणूस परत एसटीत बसून यील. आपलं काय, आपण बसल्यालोच हाय.”

आमच्या भागातल्या साठीपुढच्या माणसांची जन्मतारीख बघितलीत तर निम्म्या लोकांची एक जून निघते. शाळेत नाव घालताना गुरुजींनी सोयीची तारीख ठोकून दिलेली. त्यात नावं तीच ती, शालन, सुमन, हिराबाई. कॉम्प्युटर विचारतो, हा पेशंट तोच का? नाव तेच, तारीख तीच, नवखा माणूस बिनदिक्कत हो म्हणतो, आणि दोन बायकांची डोकी एका पाकिटात जातात. म्हणून सुभेदार स्वतः बाहेर बाकावर जाऊन प्रत्येकाला गाव विचारत आणि नावापुढे टाइप करत. ‘तारीख गुरुजीनं दिल्याली असती, गाव आईबापानं.’ त्यामुळे आमची यादी म्हणजे एसटी स्टँडवरची पाटी वाटायची. शालन पवार विटा. शालन पवार शिरवळ. शालन पवार जत.

त्या यादीतले बरेच जण हयात नव्हते. सुभेदारांना ते ठाऊक असायचं, नातेवाईक कधी दुसऱ्या कामाला आले की सांगून जायचे. यादी सरकवता सरकवता ते सहज बोलत, “हा गेला आखाडात. ही गेली, पर नातवाचं तोंड बघून गेली.” खोलीत मशीनसाठी एसी कायम चालू असतो. अंगावर काटा येतो तो त्याच्यामुळेच, असं मी स्वतःला समजावत असे. पण मोठ्या डॉक्टरांनी जुने फोटो काढून टाकायला सांगितलं की सुभेदार “व्हय साहेब” म्हणायचे आणि काही करायचे नाहीत. डिस्क का भरली, हे आता तुमच्या लक्षात आलं असेल.

मशीनमध्ये धातू चालत नाही. मंगळसूत्र काढा म्हटलं की खेड्यातल्या बायका गळ्याशी मूठ धरून बसतात. नवरा बाहेर धडधाकट बसलेला, आणि गळा मोकळा करायचा. सुभेदारांच्या ड्रॉवरमध्ये पिवळ्या दोऱ्याचं गुंडाळं आणि हळकुंडं असायची. ते दोऱ्यात हळकुंड बांधून नवऱ्याच्या हातात देत आणि म्हणत, “बांधा गड्या, लाजू नगा. म्या काय बगत न्हाई.” आणि खरंच भिंतीकडे तोंड करून उभे राहात.

त्यांच्या बायकोच्या, हिराबाईच्या गळ्यात तो दोरा त्यांनी स्वतः बांधला होता. तिचं डोकं महिनाभर दुखत होतं, म्हणून मुलाने गावावरून आणलं. दोरा बांधून सुभेदार आत आले आणि रोजच्या खुर्चीवर बसले. हे मी शुभांगीकडून ऐकलेलं. फोटो एकेक करून येत गेले, आकडा चढत गेला, आणि डॉक्टरांनी बघायच्या आधी त्यांना कळलं. तरी ते उठले नाहीत. दोन्ही आकडे जुळले, तेव्हा “हाजिर” म्हणाले आणि मगच बाहेर तिच्याजवळ गेले. पाच महिन्यांत हिराबाई गेली.

तेव्हापासून ते सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन यादीच्या तळाशी जायचे आणि एकच फोटो उघडायचे. डोक्याचा बाजूने काढलेला, मधोमधचा. त्यात कपाळ, नाक, ओठ, हनुवटी सगळं रेघेसारखं दिसतं. गाठ त्या फोटोत येत नव्हती. मी पुसल्यानंतर चार दिवसांनी त्यांनी मला आपणहून सांगितलं, “सुट्टीवर यायचो तवा ती रानात. मी रानात गेलो की ती चुलीम्होरं. संसार झाला मास्तर, पर तिच्याकडं नीट बघायचं राह्यलंच हुतं. ते हितं बघितलं.”

मी काय करायचं बाकी ठेवलं? पुसलेलं परत आणायची जेवढी साधनं ठाऊक होती तेवढी चालवली. बाकीच्या एकोणसाठांतले बरेच जण अर्धेमुर्धे परत आले, कुणाचा फक्त मणका, कुणाचा एक गुडघा. हिराबाई नाही आली. तिच्या जागेवर त्याच दुपारचे नवे फोटो लिहिले गेले होते. हे मी त्यांना सांगितलं. सुभेदारांनी विचारलं, “कोण बसलंय तिच्या जागी?”

मी बघून सांगितलं, “कवठेमहांकाळची एक मुलगी.”

“काय निघालं तिला?”

“काही नाही. नॉर्मल.”

“मग बसू द्या,” ते म्हणाले.

पण सकाळी यादीच्या तळाशी जाणं काही थांबलं नाही. तिथे आता हिराबाई नव्हती. ते फोटो न उघडता पडद्याकडे तेवढाच वेळ बघायचे. मी दाराशी बूट काढत उभा असायचो आणि आत जायची हिंमत व्हायची नाही. शेवटी मला सुचलं, की पेशंटला आपण सीडी देतो. फिल्म पुढे पुण्याच्या दवाखान्यात राहिल्या होत्या, पण सीडी घरात असणार. रविवारी मी त्यांच्याबरोबर गाडीत बसलो. रहिमतपूर येईपर्यंत त्यांनी दोनदा शर्टाची इस्त्री हाताने सारखी केली. सासुरवाडीला निघालेल्या माणसासारखी.

मुलगा संपत ओसरीवर होता. सीडीचं नाव काढताच तो बायकोकडे बघायला लागला, आणि ती आत निघून गेली.

“आबा, ती व्हय... ती शाळवात हाय.”

“शाळवात काय करतीया?”

“पाखरं लय झाली हुती. समद्यांनीच सीड्या बांधल्यात. मला वाटलं, आई गेली, आता त्या सीडीचा काय उपेग...”

आम्ही रानात गेलो. शाळूची ज्वारी हुरड्यात आली होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी ताणलेली आणि तिला अकरा सीड्या. कुणाच्या लग्नाची, कुठल्या भजनी मंडळाची, आणि त्यांच्यात हिराबाई. सगळ्या वाऱ्यावर फिरत होत्या, उन्हात लखलखत होत्या. संपतने एक काढून माझ्या हातात दिली. सेंटरच्या पेनाने लिहिलेलं ‘रहिमतपूर’ तेवढं पुसट दिसत होतं. वरचा चंदेरी थर पापुद्र्यांनी सुटला होता. मी उजेडात धरली, तर तिच्यातून पलीकडची कणसं दिसली.

“वाचल का ह्यातलं काय, मास्तर?”

मला एरवी ‘बघतो, प्रयत्न करतो’ म्हणायची सवय. त्या दिवशी म्हणालो, “नाही, सुभेदार.”

मला वाटलं, आता ते मुलावर भडकतील, नाहीतर माझ्यावर. तेवढ्यात ओढ्याकडून पाखरांचा थवा आला. शाळवावर उतरणार, तोच लखलख बघून सगळा थवा एकदम वळला आणि शेजारच्या रानावर गेला. सुभेदार बघत राहिले.

“हितंच माळा हुता,” ते म्हणाले. “त्याच्यावर गोफण घिऊन हुबी राहायची. दिसभर. हात दुखतोय म्हनाली न्हाई कवा.” मग संपतकडे वळले. “बांध रं परत. घट बांध.”

परत निघालो तेव्हा ऊन कललं होतं. सुभेदार पुढे, मी मागे. त्यांच्या पांढऱ्या शर्टाच्या पाठीवर उजेडाचा एक ठिपका खालीवर हलत होता, बांध संपेपर्यंत. मी त्यांना सांगितलं नाही. त्यांनीही मागे वळून पाहिलं नाही. पण चाल हळू केली होती.

त्यानंतर ते यादीच्या तळाशी जायचे थांबले. दोन वर्षांनी नोकरी सोडून गावी गेले. गेल्या दिवाळीनंतर संपत त्यांना गाडीत घालून घेऊन आला. एक बाजू गेलेली, मिशीही एका बाजूने कललेली. शुभांगीने त्यांना मशीनमध्ये घेतलं आणि मी खुर्चीवर बसलो. आतल्या माइकमधून त्यांचा जड आवाज आला.

“मास्तर, जागा हाय न्हवं?”

“आहे, सुभेदार.”

“कुणाला उठवू नगा.”

फोटो यायला लागले. मला त्यांच्याइतकं कळत नाही, पण त्यांच्या शेजारी बसून जेवढं शिकलो होतो, तेवढं त्या दिवशी पुरलं. आकडे जुळले. तो एक शब्द म्हणायचा होता, तो काही तोंडातून निघाला नाही. मी नावापुढे गाव टाइप केलं. नऊ दिवसांनी संपतचा फोन आला.

आता डिस्क मोठी आली आहे, जागेची अडचण नाही. हल्ली मी अर्धा तास लवकर निघतो. खोलीत कुणी नसतं, एसी घुमत असतो. मी सुभेदारांचा मधोमधचा फोटो उघडतो, कपाळ, नाक, हनुवटी बघतो, आणि कधीकधी पाठीमागे बूट वाजल्यासारखे वाटतात. वळून बघत नाही.

परवा जेवणं झाल्यावर बायकोला हे सगळं सांगितलं. ती उद्याची गवार मोडत होती.

“रोज बघता त्यांच्याकडं?”

“रोज.”

“किती वेळ?”

“पाच-दहा मिनिटं.”

तिने ताट बाजूला सरकवलं. “चष्मा लावा आणि जरा इकडं बघा,” ती म्हणाली. “मी अजून मशीनच्या बाहेर आहे.”