हार्मकेचा डावा डोळा

नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगन शहरातल्या एका दवाखान्यात डोळ्यांच्या पडद्याचे फोटो काढण्यात हार्मकेची तेवीस वर्षं गेली. बाई तोंडाची फटकळ. ‘‘हनुवटी टेका, पापणी हलवू नका, नवऱ्याच्या तक्रारी नंतर सांगा!’’ मशीन नीट मोजतंय ना, हे बघायला ती रोज सकाळी स्वतःचाच डावा डोळा त्याच्यासमोर धरायची. विसरण्याच्या आजाराची चाहूल पडद्यावरून लागते का, यावर तिथल्या डॉक्टर नोर्डहोफांचा अभ्यास चालला होता. त्यात तुलनेसाठी घेतलेल्या निरोगी माणसांच्या यादीतही हाच डोळा पहिला.

तीन वर्षांत त्या डोळ्यातला मज्जातंतूंचा थर झिजत शहाण्णव मायक्रॉनवरून सत्त्याऐंशीवर आला. ‘‘मशीन म्हातारं झालंय मेलं!’’ म्हणत तिने कंपनीच्या माणसाला दोनदा बोलावलं. मशीन ठणठणीत आहे म्हणाला, तर त्यालाच फैलावर घेतलं. आता सांगा, दुसऱ्या कुणाचा डोळा लावून बघायला वेळ तो किती? दोन मिनिटं! पण तिचा धीर होईना. तिच्या आईने शेवटी तिलाच विचारलं होतं, ‘‘बाई, तुम्ही कोण?’’

अखेर मार्चमधल्या एका सोमवारी तिने सोबत काम करणाऱ्या वीबेला मशीनसमोर बसवलं.

‘‘माझा डोळा कशाला?’’

‘‘बस म्हटलं ना!’’

वीबेचा आकडा चार वर्षांपूर्वी होता तोच आला. मशीन खरं बोलत होतं.

तिचे आकडे बघून नोर्डहोफ म्हणाले, ‘‘अगं, नुसत्या पडद्यावरून काही ठरत नाही. काचबिंदूनेही थर झिजतो.’’

‘‘काचबिंदू नाही. बघितलंय मी.’’

‘‘मग येत्या शुक्रवारी स्मरणशक्तीची चाचणी करू. लवकर कळलेलं बरं असतं.’’

‘‘कुणाला बरं, डॉक्टर? औषध आहे?’’

त्यांनी शुक्रवारची वेळ चिठ्ठीवर लिहून तिच्या हातात दिली.

दुसऱ्याच दिवशी, मंगळवारी, तिचा एकोणसाठावा वाढदिवस होता. ज्याचा वाढदिवस त्यानेच सगळ्यांना केक आणायचा, ही तिकडची रीत, तिथे सबब चालत नाही. तिने सफरचंदाचा केक आणला, सगळ्यांनी हात हातात घेऊन अभिनंदन केलं.

गुरुवारी सकाळी हार्मके पुन्हा केकचा खोका घेऊन आली. ‘‘चला, कॉफी ओता! वाढदिवस काय रोज येतो?’’

सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. मग वीबे उठला, तिचा हात हातात घेऊन म्हणाला, ‘‘अभिनंदन, हार्मके!’’ मागोमाग बाकीचेही उठले. सगळ्यांनी केक खाल्ला, अगदी कणसुद्धा उरवला नाही.

ती दूध काढायला फ्रिजकडे गेली. आत मंगळवारचा खोका होता. झाकणावर तिच्याच अक्षरात लिहिलेलं: उरलेला खा, टाकू नका. हार्मके.

ती परत येऊन बसली.  आवाज नेहमीचाच निघाला.

‘‘गुणाची पोरं आहात रे! दोनदा खाल्लात आणि एकानेही तोंड उघडलं नाही.’’

वीबेने मान खाली घालून डोळे पुसले.

‘‘रडतोस काय? उद्यापासून सकाळी तू बसायचं मशीनसमोर. आणि निरोगी माणसांच्या यादीतून माझं नाव आत्ताच काढ. नंतर सांगायचं राहून जाईल.’’