लाल बाटली, पिवळी बाटली

"टायफॉइड," डॉक्टर म्हणाले, आणि खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. सात दिवसांच्या तापाला एकदाचं नाव मिळालं होतं. नाव मिळालं की औषध ठरतं, किती दिवस लागतील ते विचारता येतं. मी पिशवीतून वही काढून त्यांच्यापुढे ठेवली. वेळ, ताप, औषध, खाणं, लघवी, असे पाच रकाने. आमची सात वर्षांची गार्गी शेजारच्या खाटेवर डोळे मिटून पडली होती. आदल्या दिवसापासून तिला उलट्याही होत होत्या.

डॉक्टर पान उलटत गेले. औषधाच्या रकान्यात स्केचपेनचे ठिपके होते. त्यांनी इंग्रजीत विचारलं, "हा लाल ठिपका म्हणजे?"

"लाल बाटली. दर सहा तासांनी."

"आणि पिवळा?"

"पिवळी बाटली. मधेच ताप एकशे एकच्या वर गेला तर."

"औषधांची नावं काय?"

मी दोन्ही बाटल्या काढून दिल्या. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, बाटल्यांवरच्या रंगीत चिकटपट्ट्या सोलल्या आणि मोठ्या नावांखालची बारीक अक्षरं वाचली. मग दोन्ही बाटल्या शेजारीशेजारी ठेवल्या.

"मॅडम, हे एकच औषध आहे. दोन कंपन्यांचं."

सहा दिवस मी ही वही कौतुकाने भरत होते. ज्यांच्या घरी लहान मूल आहे त्यांनी हे वाचावं, म्हणून लिहिते आहे.

आम्हाला पुण्याहून बंगलोरला येऊन आठ महिने झाले होते. जयनगरला पहिल्या मजल्यावर भाड्याचं घर. येताना आमच्या पुण्याच्या डॉक्टरांच्या औषधांचा डबा भरून आणला होता. नव्या गावात निघालेलं प्रत्येक मराठी कुटुंब हेच करतं. मेतकूट, भाजणी आणि आपल्या डॉक्टरांची औषधं. पहिल्या दिवशी गार्गीला ताप भरला तेव्हा डब्यातली बाटली काढली. मुदत तपासली, मापाचं झाकण धुतलं, वहीत नोंद केली.

तिसऱ्या दिवशी ताप हटेना म्हणून कोपऱ्यावरच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी तापाचं औषध लिहून दिलं. घरी आधीच एक औषध चालू आहे हे मी त्यांना सांगितलं नाही. त्यांनी विचारलं नाही, हे खरं. पण माझ्या डोक्यात पुण्याचं औषध हे औषध नव्हतंच, ते घरचंच होतं. हळददूध द्यावं तसं.

मी एका कारखान्याच्या स्टोअर्समध्ये कामाला आहे. दुपारपर्यंत घरी नसते. नवरा, अविनाश, त्या आठवड्यात हैदराबादला गेला होता. गार्गीजवळ तळमजल्यावरच्या आमच्या घरमालकीण सरोजक्का बसायच्या. त्यांचं घराणं कितीतरी पिढ्या इथलंच. मराठी घरात बोलतात, पण वाचता येतं ते कन्नड. माझी वही त्यांना वाचता येणार नव्हती. म्हणून आम्ही स्टोअर्समध्ये करतो तेच मी केलं, रंगाच्या चिकटपट्ट्या लावल्या. पुण्याच्या बाटलीला लाल, इथल्या बाटलीला पिवळी. घड्याळ बघून लाल, पारा बघून पिवळी. अक्कांनी एकदाही चूक केली नाही. चूक त्या पद्धतीतच होती. नावं झाकली गेली आणि रंग उरले.

अक्का मात्र मला सारख्या टोचायच्या. "ताप पोरीला आलाय की तुझ्या कागदाला? आल्याआल्या आधी त्यालाच बघतीस. पोरीचं तोंड बघ की जरा."

"अक्का, कागदावर असलं की विसरायला होत नाही."

"सरी, सरी, बरं बाई. मग कागदालाच भरव पेज."

गार्गीलाही गंमत वाटायची. काखेतून थर्मामीटर काढला की विचारायची, "आई, आज किती मार्क? एकशे तीन? शंभरपैकी?"

पाचव्या दिवशी तिने हे विचारणं बंद केलं. माझ्या वहीत त्यासाठी रकाना नव्हता. त्या दिवशीचे आकडे आदल्या दिवसापेक्षा चांगले दिसत होते. दोन औषधांनी पारा दाबून ठेवला होता, म्हणून मी समजले की ताप उतरतोय. सहाव्या दिवशी ती उलट्या करू लागली. सातव्या दिवशी सकाळी अक्का म्हणाल्या, "आता कागद पुरे गं. ऑटो बोलाव." बसवनगुडीतल्या ह्या नर्सिंग होममध्ये आम्ही तिघी आलो. दाखल करून रक्त घेतलं आणि दुपारी विडालचा रिपोर्ट आला. विडाल म्हणजे टायफॉइडसाठी करतात ती रक्ताची चाचणी.

तर डॉक्टरांनी पेनच्या टोकाने ठिपके मोजले. लाल चार, पिवळे तीन. लाल चार, पिवळे चार. सलग चार दिवस.

"हे पॅरासिटामॉल आहे," ते म्हणाले. "योग्य मापात चांगलं औषध. जास्त झालं तर लिव्हरला त्रास होतो. एसजीपीटी करून घेऊ."

एसजीपीटी म्हणजे यकृताला इजा झाली आहे का, ते दाखवणारी रक्ताची तपासणी. मी शब्द लिहून घेतला. 

अक्का बाहेर बाकावर बसल्या होत्या. मी जाऊन सांगितलं.  त्या आपल्या हातांकडे बघत म्हणाल्या, "मीच दिलं की गं. ह्या हातांनी दिलं."

"अक्का, पट्ट्या मी लावल्या. औषध काय आहे ते वाचायचं काम माझं होतं."

"मला वाचता येत असतं तर..."

"मला येतं ना वाचता! मी कुठे वाचलं?"

रिपोर्ट संध्याकाळी आला. यकृताचा आकडा वाढलेला होता. भयंकर नाही, पण वाढलेला. मी विचारलं, हे माझ्या औषधामुळे का? डॉक्टर म्हणाले, असेल. टायफॉइडमध्येही हा आकडा वाढतो, तेव्हा त्यानेही असेल. उलट्या कशाने? त्यानेही होतात, ह्यानेही होतात. मग वेगळं कसं ओळखायचं? "आज ओळखता येणार नाही," ते म्हणाले. "पॅरासिटामॉल बंद. टायफॉइडचं औषध सुरू. पाच दिवसांनी पुन्हा तपासू."

नर्सिंग होमसमोरच्या एसटीडी बूथवरून अविनाशला फोन लावला. त्याने चारदा विचारलं, "म्हणजे नक्की कशाने?" मी चारही वेळा वेगळं उत्तर दिलं. तो मिळेल त्या गाडीने निघाला.

ते पाच दिवस मला सलग आठवत नाहीत. हाताला सलाइन, त्यातून रोज अँटिबायोटिक, म्हणजे जंतू मारणारं औषध. टायफॉइडचा ताप औषध सुरू झालं तरी लगेच उतरत नाही, हे कोणी आधी सांगितलं असतं तर मी रोज सकाळी रडले नसते. ताप चढला की कपडे सैल करायचे, पंखा मंद ठेवायचा, कोमट पाण्याने अंग पुसायचं. घरी मी तिला दोन पांघरुणांत गुंडाळून ठेवलं होतं, खिडक्या लावून. आणि कपाळावर मात्र बर्फाच्या पाण्याची पट्टी. एकीकडून उबवायचं, एकीकडून गोठवायचं! नर्सने हे ऐकलं आणि हसू दाबलं.

नर्सने आणखी एक सांगितलं, ते सर्वांनी लक्षात ठेवावं. पाऱ्याइतकंच मुलाकडे बघा. पाणी पितंय का, लघवी होतेय का, हाक मारल्यावर नीट बघतंय का. आणि कुठल्याही डॉक्टरकडे जाताना घरातल्या सगळ्या बाटल्या न्या. आधीच्या, गावाच्या, शेजारणीने दिलेल्या, सगळ्या. तापाचं कुठलंही नवं औषध हातात आलं की बारीक अक्षरांतलं नाव वाचा.

अक्का रोज यायच्या, पण खाटेपासून चार हात लांब उभ्या राहायच्या. गार्गीला पाणी हवं असलं तरी पेला मला द्यायच्या. तिसऱ्या दिवशी गार्गीच म्हणाली, "अक्काअज्जी, तू पाज. आई सांडते."

अक्का पुढे आल्या. पाजताना त्यांचाही हात हलला आणि थोडं सांडलंच. "घे," त्या म्हणाल्या, "आईकडून शिकले."

पाचव्या दिवशी सकाळी ताप नव्हता. रक्त घेतलं आणि आम्ही तिघं मोठी माणसं दुपारभर बाकावर बसून राहिलो. अविनाश पेपर धरून बसला होता, उलटा नव्हता एवढंच. चारला डॉक्टर स्वतः कागद घेऊन बाहेर आले. आकडा जवळजवळ नेहमीसारखा झाला होता. यकृताला कायमची इजा नाही. गार्गीला दोन दिवसांत घरी नेता येणार होतं.

अक्कांनी हात जोडले. अविनाश पाठ करून खिडकीकडे वळला. मी मात्र तोच प्रश्न पुन्हा विचारला. तेव्हा आकडा कशाने वाढला होता? आजाराने, की माझ्यामुळे?

डॉक्टर बाकावर माझ्या शेजारी बसले. म्हणाले, "मला माहीत नाही, मॅडम. आणि आता ते कधी कळणारही नाही."

पूर्वीची मी असते तर ज्याला माहीत आहे असा दुसरा डॉक्टर शोधला असता. एकजण म्हणाला असता टायफॉइड, आणि मी निश्चिंत झाले असते. दुसरा म्हणाला असता औषध, आणि मी जन्मभर स्वतःला दोष देत बसले असते. दोघांनीही अंदाजच सांगितला असता. ह्या माणसाने स्वतःला ठाऊक नसलेली गोष्ट ठाऊक असल्याचं सोंग केलं नाही. मी ते सोंग सहा दिवस केलं होतं, पाच रकान्यांत.

"थँक्यू," मी म्हटलं. त्यांना वाटलं, मुलगी बरी झाली म्हणून म्हणते आहे. तेही होतंच.